वसंत पाच

मला माझ्या भागीदाराने फसवलं. त्याचं नाव सिद्धार्थ, गाव हट्टा. पैशात फसवलं असं मी म्हणत नाही. गल्ल्यात त्याचा हात कधी चुकला नाही, आणि मी ते दहा वेळा तपासून पाहिलं आहे. त्याने मला माझ्याच उजव्या हाताबद्दल फसवलं. हात जात होता, त्याला ते दिसत होतं, आणि त्याने मला कळू दिलं नाही.

आज माझी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वाकलेली आहेत. आजार कुष्ठरोग. हा शब्द आधीच लिहून टाकतो, कारण तो तोंडातून काढायला मला काही वर्षं लागली. औषध घेतलं, आजार गेला, बोटं तेवढी तशीच राहिली. ज्यांच्या घरात हा आजार आत्ता निघाला असेल त्यांना धीर यावा म्हणून हे लिहितो आहे. आणि सिद्धार्थने वाचावं म्हणूनही.

दुकान

मी कनेरगाव नाक्याजवळच्या तांड्यातला. शाळा सातवीपर्यंत. जवळा बाजारच्या आठवडी बाजारात जमिनीवर पोतं अंथरून घड्याळाचे पट्टे, सेल आणि जुन्या कॅसेटी विकत मोठा झालो. तिथे एक गोष्ट शिकलो. समोरच्याचा पहिला भाव खोटा, दुसराही खोटा. आपण पाठ फिरवून चालायला लागलो की मागून जी हाक येते, तो खरा भाव. ही गोष्ट मी मालाला लावली, पुढे माणसांनाही लावली. फायदाच झाला. नुकसान एकदाच झालं, ते इथे सांगतो आहे.

हिंगोली जिल्हा होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हा मी बसस्टँडमागे टीव्ही गेमचं दुकान टाकलं. तीन टीव्ही, तीन मशिनी, सहा रिमोट. आम्ही कंट्रोलरला रिमोटच म्हणायचो. पैसा माझा, हुनर सिद्धार्थचा. तो टीव्ही दुरुस्त करायचा. बोलायचा कमी. काही विचारलं तर आधी स्क्रू फिरवून पूर्ण करायचा, मग उत्तर द्यायचा.

दुकान चाललं ते त्याच्या एका युक्तीमुळे. आमच्याकडे सगळ्यात जास्त खेळला जायचा तो कुस्तीचा गेम. त्यात कोणतं बटण कोणता डाव करील हे आपल्याला ठरवता यायचं आणि मेमरी कार्डात ठेवता यायचं. उजव्या अंगठ्याखाली गोल, फुली, त्रिकोण, चौकोन अशा खुणांची चार बटणं असायची; एकाला लाथ चौकोनावर हवी, दुसऱ्याला फुलीवर. दुसऱ्या दुकानात पहिली पाच मिनिटं बटणं लावण्यातच जायची. सिद्धार्थने प्रत्येक नेहमीच्या गिऱ्हाईकाची सेटिंग त्याच्या नावाने कार्डात ठेवली, आणि शाळेच्या वहीत रिमोटचं चित्र काढून, तारीख घालून लिहूनही ठेवली. गिऱ्हाईक बसलं की नाव निवडायचं, की रिमोट त्याचा झाला. पुढचा बसला की दुसरं नाव. वकिलाचा कारकून असो की कॉलेजातलं पोरगं, आपल्या नावाची सेटिंग आहे म्हटल्यावर ते दुसरीकडे जायचं नाही.

पहिली सेटिंग माझी होती. नाव: वसंत एक. पकड, आपटणं, लाथ, सुटका, चारही डाव उजव्या अंगठ्याखाली. आणि दुकानाचा नियम होता: मालकाला हरवलं तर पुढचा डाव फुकट. हा नियम परवडायचा, कारण मालक हरत नव्हता.

मी हरायला लागलो

एका श्रावणात मी हरायला लागलो. पकड घ्यायला जायचो, पकड लागायची नाही. आपटायला उचललं की उचललेला पैलवान निसटायचा. मी बटण दाबलं होतं, याबद्दल मला शंका नव्हती. मग उरलं काय? कोणीतरी माझी सेटिंग बदलत होतं.

मी तपासलं. वसंत एक जसंच्या तसं होतं. पण सेटिंग बदलायला आणि परत लावायला किती वेळ लागतो हे मला माहीत होतं, एक शिंक येऊन जाते तेवढा. मी सिद्धार्थवर नजर ठेवली. माझ्याविरुद्ध जिंकलेल्यांत दोघे हट्ट्याकडचे होते, तेवढं मला पुरलं. आपल्या गावच्यांना फुकट डाव मिळावेत म्हणून हा आतून बटणं फिरवतो.

मी माझ्या सेटिंगचं मेमरी कार्ड खिशात घेऊन फिरायला लागलो, खेळताना तेवढं लावायचो. तरी हरलो. म्हणजे त्याच्याकडे दुसरं कार्ड असणार, असं मी ठरवलं. असं होत जातं. एकदा संशय घेतला की पुरावा नसणं हाच पुरावा वाटतो.

एका दुपारी भर दुकानात एका मास्तराने मला हरवलं आणि म्हणाला, "मालक, आता तुमीच तिकीट काढून खेळा."

सगळे हसले. मी उठलो आणि सिद्धार्थची कॉलर धरली.

"माझी सेटिंग काहून फिरवून राहिला रे?"

"न्हाई भाऊ, म्या हातसुद्धा न्हाई लावला."

"तुझ्या गावचेच काहून जिंकून राहिले मग?"

"भाऊ, तुमचा हात..."

एवढंच तो बोलला. मी कानाखाली दिली. तो खाली बसला, पडलेला पेचकस उचलला आणि उघडलेला रिमोट पुन्हा बंद करायला लागला. त्याचं ते वाक्य मी पूर्ण होऊ दिलं नाही, हे मी कबूल करतो. पण ऐका पुढे.

खराब रिमोट

पोळ्याच्या सुमाराला तो म्हणाला, "भाऊ, या रिमोटचं गोल बटण घासलंय. आपटायचा डाव डाव्या कडेच्या बटणावर घेऊ का? तवर दुरुस्त करतो."

मी म्हटलं, घे. ती झाली वसंत दोन. मी पुन्हा जिंकायला लागलो, आणि मनात म्हटलं, बघ, एका थपडेत बराबर आला.

दसऱ्याला फुलीचं बटण घासलं. पकडही डाव्या हाताकडे गेली. संक्रांतीला त्रिकोण. रिमोटच्या उजव्या मुठीला त्याने सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून दिला. "घामानं सटकतो म्हणून," म्हणाला. संक्रांतीच्या थंडीत कोणाला घाम येतो, हे मी विचारलं नाही. ज्याने आयुष्यभर प्रत्येक भाव उलटून पाहिला त्याने हे विचारलं नाही, कारण मी जिंकत होतो.

उलट मी नांदेडला जाऊन रिमोट देणाऱ्या व्यापाऱ्याशी भांडलो. एका वर्षात तीन-तीन बटणं घासतात, कसला माल देतो म्हणून टेबलावर रिमोट आपटला आणि दोन नवे रिमोट फुकट वसूल करून आणले; हाताला बसलेली सेटिंग मोडू नये म्हणून ते गिऱ्हाइकांना दिले. त्या माणसाचा माल चांगला होता. त्याची माफी मी इथे मागतो.

त्याच दिवसांत करंगळीवर फोड आला. माझी बायको सुनीता म्हणाली, "हे कवा भाजलं?"

"मला काय माहीत? तुझ्या कपड्याच्या पावडरीनं झालं असंल."

"पावडर म्या वापरते अन् फोड तुमाला येतो व्हय?"

चहाचा ग्लास होता तो. हात भाजत असताना मी तो धरून बसलो होतो आणि मला समजलं नव्हतं.

पेन

होळीच्या आधी आरोग्य खात्याच्या एक ताई घरोघर फिरत आमच्याकडे आल्या. मी जेवून उठलो होतो. त्यांनी माझ्या कोपराखालचा फिकट डाग पाहिला आणि हात मागितला.

"तो लहानपणापासून आहे," मी म्हटलं. नव्हता.

"बरं. डोळे मिटा. पेन लावीन तिथं दुसऱ्या हाताचं बोट ठेवायचं."

मी डोळे मिटले. एकदा गालाला लागलं, एकदा डाव्या मनगटाला, तिथे बोट ठेवलं. मग काहीच होईना. मी वाट पाहिली. भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं.

"लावा ना ताई. दुकान उघडायचंय."

त्यांच्या आधी सुनीताच बोलली. तिचा आवाज वेगळा होता. "तीनदा लावला त्यायनी."

मी डोळे उघडले. डागावर शाईचा एक ठिपका आणि करंगळीवर दोन. मला पहिला विचार काय आला सांगू? या दोघी मिळालेल्या आहेत. मी पेन हिसकावून उलटसुलट पाहिलं, परत दिलं, सुनीताला माझ्या डोळ्यांवर पदर बांधायला लावला आणि म्हटलं, आता लावा. पुन्हा वाट पाहिली. पदर सोडला तेव्हा करंगळीवर पाच ठिपके होते.

ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांना सांगतो. तो दिवस असाच जातो. माणूस रडत नाही, घासाघीस करत बसतो. मी त्या ताईंना म्हटलं, "शाई कमी असंल पेनात."

फुकटचं औषध

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी गोळ्यांचं पाकीट पुढे केलं. महिन्याचं एक, अशी बारा. पैसे नाहीत. मला इथेच खोट दिसली. जी गोष्ट फुकट मिळते तिच्यात दम कसा असेल?

"याच्यापेक्षा भारी औषध पैशानं मिळत असंल तर सांगा. माझी ऐपत आहे."

"ऐपत असूद्या. जगात हेच औषध आहे," डॉक्टर म्हणाले. "श्रीमंतालाही हेच देतात."

पहिली मात्रा घेतल्यावर लघवी लाल झाली. मी तसाच भांडायला गेलो. डॉक्टरांनी हसून सांगितलं की औषधाचा रंग आहे, आधी सांगायचं राहिलं. पुढे कातडी काळवंडली; तेही औषधामुळेच, आणि औषध संपल्यावर वर्षभराने उतरलं. हे आधी माहीत असलेलं बरं, नाहीतर माझ्यासारखे पाकीट उकिरड्यावर फेकायला निघाल. मी निघालो होतो. सुनीताने दारातून परत घेतलं.

तिच्यावरही माझा संशय होता. औषध सुरू झालं की हा आजार कोणाला लागत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण घरात ते कोणाला खरं वाटत असेल? मला वाटायचं, ही माझं भांडं वेगळं ठेवते. पकडायचं म्हणून मी माझ्या पेल्याच्या बुडाला खिळ्याने बारीक खूण केली आणि पाळत ठेवली. तिसऱ्या दिवशी ती चुलीपुढून उठली, हाताला आला तो पेला भरला आणि गटागटा पाणी प्यायली. मी जवळ जाऊन पेला उलटा केला. खूण होती.

"काय बघून राहिले बुडाला?"

"काय न्हाई. गळतो का बघितलं."

"डोकं गळून राहिलं तुमचं," ती म्हणाली. तिला आजवर मी त्या खुणेचं सांगितलेलं नाही. आता वाचून कळेल.

तांड्यावरून मात्र माझी याडी, म्हणजे आई, एकटीच भेटायला आली. भावकीतलं दुसरं कोणी आलं नाही. याडीने माझी वाकडी बोटं तोंडाशी नेली आणि फुंकर घातली, लहानपणी काटा मोडल्यावर घालायची तशी. मला ती फुंकर लागली नाही, म्हणजे बोटांना समजली नाही. मी तिला म्हटलं, बरं वाटलं.

वॉर्ड

बोटांना जोर पोचवणाऱ्या शिरेला सूज होती म्हणून मला तीन आठवडे नांदेडच्या दवाखान्यात ठेवलं. सकाळी कोमट पाण्यात हात भिजवायचा, तेल लावायचं, बोटं सरळ करायची, पुन्हा वाकवायची. सांजेला दिव्यापुढे हात धरून कुठे कापलं-भाजलं का ते डोळ्यांनी पाहायचं, कारण हात आता तक्रार करणार नव्हता. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा म्हणायचा, "नवरीसारखा हात निरखतो रे." तोही निरखायचा. ही सवय मला आजही आहे. तुम्हीही लावून घ्या.

पाचव्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, "जोर कधीपासून कमी झाला?"

"आत्ताच. महिनाभर."

"नाही. या बोटांना सहा महिन्यांच्या वर झाले असणार."

"कसे होतील साहेब? मी संक्रांतीपर्यंत गेम जिंकत होतो."

त्यांनी विचारलं, कसला गेम. मी सांगितलं. गोल बटण, फुली, त्रिकोण, कोणतं कधी घासलं तेही सांगितलं. ते सांगता सांगता माझी नजर माझ्याच अंगठ्यावर गेली. डॉक्टरही तिकडेच पाहत होते.

"बटणं घासली नव्हती," ते म्हणाले. "पोळ्याला आला असतात, तर बोटं बहुतेक परत आली असती."

वही

घरी येऊन मी थेट दुकानात गेलो आणि वही मागितली. सिद्धार्थने दिली. प्रत्येक पानावर रिमोटचं चित्र, खाली तारीख. वसंत एक. वसंत दोन. तीन. चार. दोनपासून पुढे प्रत्येक पानावर उजव्या बाजूचा एक-एक डाव खोडून डावीकडे नेलेला. माझ्या आजाराचा असा बारकाईने लिहिलेला कागद दवाखान्यातही नव्हता.

"तुला कवा कळलं?"

तो स्क्रू फिरवत राहिला. पूर्ण फिरवला. "श्रावणात. माझ्या मामाची बोटं अशीच सुरू झाली होती. त्याला शेतातल्या खोपीत नेऊन ठेवलं लोकांनी. तो तिथंच गेला."

"मला काहून न्हाई सांगितलं?"

"सांगायलाच तोंड उघडलं होतं. तुमी मारलं."

"अजून एक मारली असती! दोन मारल्या असत्या! मार खायला किती वेळ लागतो रे? खायचा अन् सांगायचं."

मी पान उलटलं. तिथे वसंत पाच होती.

ती मी कधी पाहिली नव्हती. तारीख नव्हती. उजव्या बाजूला एकही डाव नव्हता. पकड आणि आपटणं डाव्या कडेच्या दोन बटणांवर, लाथ आणि सुटका सोडून दिलेली. एका हाताने खेळता येईल अशी सेटिंग. मी मशीन लावून पाहिलं. कार्डातही होती, माझ्या नावाने, तयार.

"ही कशाला?"

त्याने वहीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही.

"माझी लाज राखायची होती का दुकान राखायचं होतं? मालकाला हा रोग झाला हे कळलं असतं तर गिऱ्हाईक तुटलं असतं, म्हणून? बोल."

तो उठला, पेचकस पेटीत ठेवला, पेटीचं झाकण लावलं आणि गेला. आपला हिस्सा मागायलाही आला नाही, आणि यातही मला कुठेतरी पाणी मुरतंय असं आजवर वाटतं. भागीदारी सोडताना हिस्सा न मागणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

उलटं मोजणं

व्यायामाचं वर्ष मी त्याच्याच वहीवर काढलं. दुसरं माप माझ्याकडे नव्हतं. सुरुवात चारवरून केली. चार महिन्यांनी अंगठ्यात जोर आला तेव्हा तीन लावली आणि एकदा तरी जिंकेपर्यंत उठलो नाही. दिवाळीनंतर दोनवर आलो. ज्या मास्तराने मला तिकीट काढायला सांगितलं होतं त्याला मी दोनवर हरवलं. तो म्हणाला, "मालक, हात सुधारला." मी त्याला आजाराचं नाव सांगितलं. तो रिमोट उचलत म्हणाला, "पुन्हा एक डाव लावा." दुकानात येणारे काही तुटले, पण तो तुटला नाही. अशी माणसं निघतात, हेही लिहून ठेवलं पाहिजे.

एकवर मी कधी पोचलो नाही. रोज एकदा लावून पाहायचो. पकड लागायची, आपटताना पैलवान निसटायचा. डॉक्टरांनी सांगितलं, एवढंच. बाकीचं त्या सहा महिन्यांत गेलं.

पुढे मोबाईल आले, गेम बंद पडले, मी दुकानात दुसरा माल भरला. मशिनी विकल्या. मेमरी कार्ड आणि वही विकली नाही.

ज्यांना या आजाराची भीती वाटते त्यांना माझं म्हणणं एवढंच आहे: डाग दिसला, मुंग्या आल्या, हातातून वस्तू सुटायला लागली, तर वस्तूला दोष देऊ नका. आणि दुसऱ्याच्या हातातून सुटताना दिसली तर त्याच्यासाठी मुकाट्याने सोपी मूठ करून देऊ नका. तोंड उघडा. समोरचा माझ्यासारखा तापट असला, तर लांब उभे राहून ओरडा.

आता सिद्धार्थ. तुला मी भर दुकानात मारलं, खोटा आळ घेतला, त्याची माफी मी मागतो. चार जणांपुढे मागायची असेल तर हट्ट्याला येऊन मागतो. माझ्याकडचं उत्तर मी दिलं. तुझं बाकी आहे. दोन, तीन, चार का केल्या, हे मी एक वेळ समजू शकतो. मी तुला बोलायची जागा ठेवली नव्हती. पण पाच तू आधीच करून ठेवलीस. म्हणजे माझा हात पूर्ण जाणार हे तू धरून चालला होतास, त्याची तयारी करून बसला होतास, आणि रोज सकाळी मला "या भाऊ" म्हणत होतास. ती सेटिंग कार्डात ठेवताना तुझ्या मनात मी होतो, तुझा मामा होता, की दुकान होतं? मशीन माझ्याकडे नाही, पण वही आहे, पान उघडं आहे. ये, आणि समोर बसून सांग.